मॅडमनी जोडलेली गोळ्यांची पट्टी

बसा, बाळांनो, बसा. माझ्यासाठी उभं राहू नका. तो माइक जरा खाली करा कुणीतरी. मी उभी राहिले तरी बसल्यासारखीच दिसते.

इथं जमलेले सगळे डॉक्टर, सुनंदा मॅडमच्या आई, त्यांचे भाऊ, आणि डॉक्टरकी शिकणारी तुम्ही सगळी पोरं. मी पारूबाई, कुंभारीची. जन्मभर विड्या वळल्या. अक्षर येत नाही, म्हणून हातात कागद नाही. कागद असता तर बरं झालं असतं, तोंड लपवायला तरी.

मला यायला उशीर झाला. तुम्ही म्हणाला असाल, म्हातारीला बस मिळाली नसेल. बस मिळाली होती. उशीर का झाला ते शेवटी सांगते.

मॅडम माझ्याहून कितीतरी लहान. परवा तुम्हाला शिकवून घरी गेल्या आणि झोपेतच गेल्या. रांगेत मी पुढं होते, बाई. असं मध्ये घुसणं तुम्हाला शोभलं का?

पोरांना मी ठाऊक आहे. बाकीच्यांना सांगते, आमची गाठ कशी पडली.

आम्ही बायका अंगणात विड्या वळायला बसायचो. दिवसभर मान खाली. कंबर धरायची, गुडघे धरायचे. मग कुणीतरी गोळी काढायची. एकीला गुण आला की ती सगळ्यांची गोळी. विडीची पानं कापायची कातर हाताशीच असायची. तिनंच गोळ्यांची पट्टी कापायची आणि चिमूटभर तंबाखू द्यावी तशी शेजारणीला द्यायची. मला कमळीनं दिली. मी थोड्या खाल्ल्या, उरलेली पानाच्या चंचीत ठेवली, सुपारीच्या शेजारी.

मग अंगावर लाल चट्टे उठले. तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळवेना. बायका म्हणाल्या, उष्णता झाली. माझ्या पोरानं उचलून इथं, ह्या दवाखान्यात आणलं.

जो येई तो डॉक्टर विचारी, "आजी, काही औषध घेतलं होतं का?" मी मान हलवायची. न्हाय. खोटं बोलत नव्हते हो. डॉक्टरनं दिलं तर ते औषध. ही तर कमळीनं दिलेली गोळी.

मग मॅडम आल्या. खाटेवरच बसल्या. म्हणाल्या, "मावशी, पान खात होता ना? चंची कुठाय?" मला वाटलं, बाईला तलफ आली. उशीखालून काढून दिली. चंची उघडली तर कात, चुना, सुपारी आणि गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा. आता ओरडणार म्हणून मी डोळे मिटले. बाईंनी एवढंच विचारलं, "कुणी दिली?" आणि गप्प बसल्या. मी खिडकीकडं बघितलं, छताकडं बघितलं. बाई हलेचना. शेवटी मलाच बोलावं लागलं.

पण कातरीनं पट्टीवरचं गोळीचं नाव कापलं गेलं होतं. म्हणून मॅडम कुंभारीला गेल्या, आमच्या अंगणात, बायकांच्या घोळक्यात खाली बसल्या. कमळीची बोबडी वळली. "बाई, मी काय विष घातलं का तिला? मला धरून न्यायला आलाय व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "कमळाबाई, तुमचं नाव मला नको. गोळीचं नाव पायजे."

मग कुणी डब्यातून, कुणी देव्हाऱ्यातून, कुणी पदराच्या गाठीतून तुकडे काढले. मॅडमनी ते सुपात मांडले आणि एकमेकांना लावून बघितले, पोरी फुटक्या बांगड्या लावून बघतात तसे. नाव पुरं झालं. ते कळलं, मग मला पुढं काय द्यायचं नाही तेही कळलं. म्हणून आज ही टवाळ म्हातारी तुमच्यासमोर उभी आहे.

बरी झाले, तर मॅडम म्हणतात, "मावशी, आता माझ्या वर्गात यायचं."

मी म्हटलं, "ह्या वयात शिकू व्हय?"

"शिकवायचं. पोरं तुम्हाला विचारतील. तुम्ही सहजासहजी काही सांगायचं नाही."

हे काम मला लई जमलं.

आठवतं का रे? दर साली नवी पोरं, कोट कडक इस्त्रीचे. "आजी, कुठली औषधं घेता?" "न्हाय बाबा, कायबी न्हाय." पोरगं लिहून मोकळं. मागून मॅडम म्हणायच्या, "झालं? सोडायचं आजींना घरी? गुडघा दुखला की तीच गोळी परत खाऊ दे?" मग त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मॅडम सांगायच्या, विचारा आणि गप्प बसा. माणसाला आठवायला वेळ लागतो. कबूल करायला त्याहून जास्त लागतो.

एक पोरगा एकदा म्हणाला, "मॅडम, औषधानं त्रास झाला असं वर सरकारला कळवलं तर आपलंच चुकलं असं होईल की. आणि खात्री तरी कुठं आहे?"

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "खात्री करायला वर माणसं बसलीत. तू शंका कळव. एक शंका सोलापुरातून जाईल, एक आणखी कुठल्या गावातून, मग ती माणसं त्या जोडतील. पारूमावशीच्या पट्टीसारख्या. तुझा तुकडा तुझ्याच खिशात राहिला तर नाव पुरं कसं व्हायचं?"

मॅडम गेल्याचा निरोप आला. मी रडले. आणि रडता रडता भीती वाटली. अंगणात अजून कातर आहे, अजून कंबर दुखते. आता चंची उघडायला कोण लावणार? विचारणारं माणूसच गेलं की.

आता उशिराचं सांगते. इथल्याच डॉक्टरांनी मला नवी गोळी दिली आहे. कालपासून मनगटाला खाज आहे, लाल चट्टा उठलाय. आज पदराखाली हात लपवून आले. म्हटलं, आजचा दिवस मॅडमचा. जिन्यावर मॅडमच्या वर्गातली एक पोरगी रडत उभी होती. नसरीन, टेंभुर्णीची. मला चढवायला हात धरला आणि तिचं रडणं थांबलं.

"आजी, हे कधीपासून?"

"आज तरी सोड की गं."

"चंची दाखवा."

"अगं, आत सभा सुरू झाली."

"असू दे. मॅडम ओरडतील."

आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. गप्प. मीही हट्टी, पण ह्या गप्प बसण्यापुढं माझं कधी चाललंय? चंची काढून दिली. ह्या खेपेला पट्टी अख्खी होती, न कापलेली. तिनं नाव वाचलं, मला डॉक्टरांकडं नेलं, गोळी बंद करवली, कळवायचा कागद भरायला लावला, मगच वर आणलं. मागं बसली आहे. वळून बघू नका, लाजेल.

मॅडमच्या आई, तुमची लेक मी परत आणू शकत नाही. जिन्यावर भेटली, एवढंच सांगते.

चला, आता उभे राहा. थोडा वेळ गप्प राहू. मॅडमनी काहीतरी विचारलंय आणि त्या थांबल्यात, असं समजा. घाईनं न्हाय म्हणू नका. आठवू द्या.

मॅडम, पारूचा नमस्कार घ्या. चंची उघडी ठेवली आहे.