दुसरं घड्याळ

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, रेल्वे रिझर्वेशनच्या रांगेत पुढच्या दोघींचं मराठी ऐकू आलं, तसा विनताने मोबाईल पर्समध्ये टाकला.

“प्रतिमाताई, दिल्लीचं तिकीट काहून? तुमच्या अवंतिकाचं तर इथल्याच कॉलेजात ठरलं होतं ना?”

“ठरलं होतं. धावण्याच्या टीमचा ट्रॅकसूटही मिळाला होता. मग दिल्लीच्या मोठ्या कॉलेजनं बोलावलं.”

“इथल्या कोच सरांना कोणी सांगितलं?”

“तीच गेली, ट्रॅकसूट धुऊन, इस्त्री करून. सर म्हणाले, जायच्या आधी एकदा चारशे मीटर पळून दाखव.”

“चिडले असतील.”

“नाही. टाइम इतका कमी आला, की घड्याळ बिघडलं समजून त्यांनी दुसरं मागवलं. पुन्हा पळवलं. दुसऱ्यातही तेवढाच टाइम.”

रांग पुढे सरकली. तिघींपैकी कोणीच हललं नाही.

“अन् ट्रॅकसूट?”

“तिच्याच हातात परत दिला. म्हणाले, रख ले बेटा, दिल्ली में ठंड बहुत पड़ती है.”