वसंतामागे चेंडू कोण टाकणार?

बसा बाबांनो, बसा बायांनो. किती विसराळू तुम्ही! फोटोखाली ‘क्रिकेटपटू’ लिहून आणलंत. मला अक्षर येत नाही. सुनेनं वाचलं म्हणून कळलं. माझा वसंत जन्मभर सॉफ्टबॉल खेळला, रे. आज त्याचा दहावा, आणि तुम्ही त्याचा खेळसुद्धा बदललात?

आईनं मुलाच्या शोकसभेत काय बोलावं? ठाऊक आहे तेवढं सांगते.

वास्कोला बंदरात कामाला गेला, तिथल्या कामगारांकडून हा खेळ शिकून आला. इथं कोरगावात टीम उभी केली. हात खांद्यातून गरकन फिरवायचा, गोफणीसारखा, आणि चेंडू कमरेखालून सोडायचा. चेंडू दिसायचा नाही, नुसता आवाज. तेव्हा वास्कोची टीम होती, शिरगावच्या खाणकामगारांची होती. ट्रक भरून यायचे, हरायचे आणि वर आमचेच काजू खाऊन जायचे. मग खाणी बंद पडल्या, ती पोरं पांगली. वास्कोवाल्यांना जोरात टाकणारा मिळेना. ते हळू चेंडूवर खेळू लागले. राहिली आपली टीम. आणि जोरात टाकणारा एकटा वसंत.

मी चिडवायची, “रे, म्हातारो झालंस. आता कोणाक तरी शिकव.”

तो म्हणायचा, “आये, बॅट सगळ्यांक व्हयी. बॉल टाकूक कोणाक नको.”

खरं की खोटं? माना खाली का घालता?

सकाळी व्हाळावर, पाण्याच्या काठी, पिंड ठेवला. कावळा शिवेना. सून म्हणाली, मुलांची शाळा पुरी करीन. माझा धाकटा म्हणाला, घर सांभाळीन. कावळा फांदीवरच. मग मी टीमला म्हटलं, बोला रे, खेळ चालू ठेवू म्हणा. तर हा कॅप्टन बाबलो म्हणतो, “काकी, खोटां कसां बोलू? बॉल टाकतलो कोण?”

खरंच बोलला. रागवू कोणावर? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. दर्भाचा कावळा चालतो, बाबांनो. चेंडू टाकणारा कशाचा करायचा?

तर उठा, आणि वसंताच्या फोटोला एकेक फूल वाहा.

आणि जाताना ऐका. रविवारी मैदानावर जा, हात फिरवून बघा. जमणार नाही, ठाऊक आहे. तरी फिरवा. बायांनो, तिथं भात-आमटी पाठवू नका. खांदा भरून आला की घास तोंडाशी नेता येत नाही. वाटी मात्र डाव्या हातानं तोंडाला लावता येते, वसंताचं बघितलंय मी. उकड्या तांदळाची पेज पाठवा. पातळ पाठवा.