दोन सुरमया, एक बांगडा आणि ओट्याचा उतार

...आणि का मोजायचं नाही, हे विचारायचंही नाही! म्हणजे बघा हं, एक नियम, आणि त्या नियमाला कुणी हात लावू नये म्हणून त्याच्या दारात बसवलेला दुसरा नियम! मासळी बाजारातल्या ओट्याला टेप लावायचा नाही. का? तर मोजलं की कमी होतं. काय कमी होतं? गप! किती कमी होतं? गप म्हटलं ना! मी सात वर्षांची असताना शाळेची पट्टी घेऊन आमच्या ओट्याजवळ नुसती उभी राहिले होते हो, तर सोनूबाईने, म्हणजे माझ्या आजीने, ती पट्टी हिसकावून बर्फाच्या खोक्यात टाकली. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना काय सांगू? बाई, माझी पट्टी पापलेटांखाली आहे?

आता तुम्ही म्हणाल, ओट्याचं एवढं काय? अहो, ओटा म्हणजे सिमेंटचा कट्टा, पण आमच्या लालबागच्या बाजारात तेच बाईचं ऑफिस. पुढच्या कडेला मासळी मांडायची, मागे आपण मांडी घालून बसायचं. ओटा नंबर चौदा, आधी आजीचा, आता माझ्या आईचा, दर्शनाचा. आणि तो हातात कसा येतो माहितीये? सासू सुनेला हळद-कुंकू लावून एक लाकडी पाट देते. मानाचा पाट! सुनेने तो ओट्यावर ठेवायचा, त्यावर बसायचं, की झाली ती ओट्याची मालकीण. फोटोबिटो काढतात. आईचा फोटो आहे घरात, पाट छातीशी धरलेला, जसा काही वर्ल्ड कप!

तर मी घेतलं डिझाईन. मास्टर्स! घरात ही बातमी सांगितली तर आजी म्हणाली, "मेंदीचं डिझाईन ना गो? तेच शिक." माझा चुलतभाऊ भावेश बोटीवर जातो, तो म्हणाला, "किर्ती, बोटीवर मस्तपैकी गरुड काढून दे ना, डोळे लाल पायजेत." मी बसून समजावलं. म्हटलं, आजी, डिझाईन म्हणजे चित्र नव्हे. चहाची किटली ओतताना गळते का, दाराची कडी हाताला लागते का, पलंगाच्या कोपऱ्यावर रोज गुडघा आपटतो तो कुणामुळे, ह्याचा अभ्यास. आजीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याला शिकायला कशाला पायजे? आपटलं की कळतं."

आणि तिकडे कॉलेजात आमच्या वैदेही मॅडम. माझ्या गाईड. इतकं हळू बोलतात की पंखा बंद करावा लागतो. मी त्यांच्याकडे विमानतळावरच्या खुर्च्यांचा विषय घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, "किर्ती, इतक्या लांब का जातेस? रोजच्या वापरातली एखादी वस्तू घे, जिचा कुणाला तरी रोज त्रास होतो, आणि त्या माणसाला वाटतं की चूक आपलीच आहे."

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोरून विमानतळ गेला आणि आईचे पाय आले.

सव्वीस वर्षं ती चौदा नंबरवर बसतेय. रात्री घरी आली की गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवते. बोटांच्या मधली कातडी पांढरी, भिजून फाटलेली. उठताना आधी एक हात बर्फाच्या खोक्यावर, दुसरा शेजारणीच्या खांद्यावर, मग "एकवीरा आई", मग अर्धी उठते, मग थांबते, मग उरलेली उठते. डॉक्टर म्हणाले, पाय कोरडे ठेवा. आई म्हणाली, बरं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत त्याच ओट्यावर, बर्फाच्या पाण्यात! मी म्हटलं, आई, हे पाणी तुझ्याच खाली का येतं गं? तर म्हणते काय, "अगं, माझे पायच तसले. माझ्या पायाला पाणी लई ओढतं." ओढतं! माझी आई म्हणजे काय भरती-ओहोटी आहे?

आणि नेमका तेव्हाच नवा बाजार बांधायला काढलेला. जुना पाडणार, शेजारी नवी शेड, चाळीस ओटे, वर टाइल्स. म्हटलं, वा! बदलायची हीच वेळ! प्लॅन कुणी ठरवला? बाजार समितीने. समितीत कोण? तीन म्हातारे. अध्यक्ष हरेश्वर नाना, माझ्या बाबांचे काका, बाकी दोघं त्यांचे मित्र, जे मीटिंगला फक्त "बरोबर" म्हणायला येतात. तिघांनी मिळून आयुष्यात ओट्यावर बसून एक मांदेली विकलेली नाही! आमच्याकडे पुरुष दर्यात आणि बाया बाजारात, ही रीत. मग आम्ही कधी बोटीवर येऊन सांगितलं का, नाना, जाळं जरा डावीकडे टाका?

गेले नानांकडे. म्हटलं, नाना, नव्या ओट्यांचं माप काय? "जुन्यासारखंच." जुन्याचं काय आहे? "ते जुन्याला माहीत." मग मी मोजू? नाना असे उठले, जशी मी त्यांच्या बोटीला भोक पाडायची परवानगी मागितली. "नाय! मोजलं की कमी होतं!" "बरोबर," दोघं म्हणाले.

आता करायचं काय? थिसिसला आकडे पाहिजेत. टेप काढला की बाजार अंगावर. मग सुचलं! टेप लावायचा नाही ना? मासळी तर लावता येते! भावेशकडून एक सुरमई घेतली, घरी गुपचूप मोजली, बरोबर दोन फूट. आणि ती घेऊन बाजारात. ओट्यावर आडवी ठेवायची, शेपटीशी बोट धरायचं, उचलायची, परत ठेवायची. बाया बघतायत. "काय गो किर्ती, विकतेस की झोपवतेस तिला?" ओट्याची रुंदी भरली दोन सुरमया आणि एक बांगडा. उंची एक बांगडा आणि वर दोन बोटं. हे सगळं मी मॅडमना ईमेल केलं. मॅडमचा फोन. हळू आवाजात. "किर्ती, शोधनिबंधात बांगडा हे एकक चालत नाही." मी म्हटलं, "मॅडम, मोठा की लहान ते कंसात लिहू का?"

पण खरी गोष्ट उताराची होती. पाणी आईच्याच बाजूला का येतं? त्यासाठी मी घेतली चौदा लिंबं, जुन्या बाजारात ओटेच चौदा. हसू नका! लिंबू गोल असतं, स्वस्त असतं आणि खोटं बोलत नाही. दुपारी बाजार उठल्यावर, ओटे धुऊन रिकामे झाल्यावर गेले. प्रत्येक ओट्याच्या बरोबर मध्ये लिंबू ठेवायचं आणि सोडायचं. एक नंबर, गडगडत मागे, बाई बसते तिथे. दोन नंबर, मागे. पाच, नऊ, तेरा, मागे, मागे, मागे! चौदा, आईच्या पाटाला जाऊन टक्क करून थांबलं! चौदापैकी चौदा! सगळ्या ओट्यांचा उतार आतल्या बाजूला! आईचे पाय पाणी ओढत नव्हते हो, ओटा पाणी पाठवत होता! आणि तेव्हाच मला कळलं, तो मानाचा पाट कशासाठी आहे. पाण्यापासून वर बसायला! चूक गवंड्याची, ती झाकायला पाट, आणि पाटाला हळद-कुंकू!

मला इतका आनंद झाला की मी तिथूनच मॅडमना फोन लावला, बोलत बोलत बाहेर आले, बस पकडली, घरी गेले. आणि लिंबं?

लिंबं तिथेच.

संध्याकाळी बाया बाजार लावायला आल्या. प्रत्येकीच्या जागेवर, बरोबर बसायच्या ठिकाणी, एक-एक लिंबू! अशी बोंब उठली म्हणून सांगू! करणी! कुणीतरी बाजारावर करणी केली! एकीने ओटा गोमूत्राने धुतला, दुसरीने नारळ ओवाळला, तिसरी म्हणाली, लिंबू चांगलं रसरशीत आहे, पण हात लावणार नाही. रात्रीचं जेवण व्हायच्या आत नानांनी जाहीर केलं, उद्या रविवार, संध्याकाळी पाच वाजता, नव्या शेडमध्ये तातडीची मीटिंग. आणि सोमवारी सकाळी, लक्षात घ्या, सोमवारी सकाळी तिथे काँक्रीट पडणार होतं. जुन्यासारखंच! म्हणजे आणखी तीस वर्षं तोच उतार, तेच पाणी, फक्त आता टाइल्सवरून जास्त जोरात.

रविवारी मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं, लिंबं माझी. आधी सगळ्या बाया सुटकेचा निःश्वास टाकतात, मग सगळ्या एकदम शिव्या देतात, असं झालं. आईने डोक्याला हात लावला. आजी म्हणाली, "म्हणून मेंदी शिक म्हटलेलं." मी बोलले, उतार सांगितला, पाय सांगितले, कोरडं-ओलं सगळं सांगितलं. नाना ऐकून घेतात आणि म्हणतात कसे, "हे बघ बाय, उतार आत असतो तो गिऱ्हाईकाच्या पायावर पाणी नको म्हणून. आमच्या बापाने ठरवलंय. बाईच्या जातीला पाण्याची सवय असते."

"बरोबर," दोघं म्हणाले.

तुम्हाला सांगते, एरवी मी तिथेच भडकले असते. पण मी गोड हसले. म्हटलं, नाना, तुम्ही म्हणता ते खरं असेल. नमुन्याचा ओटा मिस्त्रीने जुन्यासारखाच तयार केलाय, त्याच्यावर पहिलं बसायचा मान समितीचा. बसा ना, चहा मागवते. मान म्हटल्यावर म्हातारा माणूस बसतो, हे काही संशोधन करून शोधावं लागत नाही. तिघं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मांडी घालून, दाटीवाटीने, दोन सुरमया आणि एक बांगडा एवढ्या जागेत! भावेशला आधीच सांगून ठेवलं होतं, आता खूण केली. त्याने पुढच्या कडेला बर्फ ओतला, वर दोन पाट्या बोंबील, आणि आईने, अहो, मी काही सांगितलंही नव्हतं, आईने सवयीने मासळीवर तांब्याभर पाणी मारलं.

आधी शेवटच्या काकांचा चेहरा बदलला. मग मधल्यांचा. नानांनी कप तोंडाशी नेला आणि तो तिथेच थांबला. "हे... हे काय गार गार..."

"सवय होईल, नाना," मी म्हटलं. "सव्वीस वर्षं लागतात."

"अरे, गोणपाट द्या कुणी! नायतर पाट तरी आणा!"

"पाट? तो सुनांना मिळतो, नाना. आधी हळद-कुंकू लावावं लागेल."

बाया अशा हसल्या, अशा हसल्या की बाहेरची माणसं डोकावायला लागली! मग सुरू झालं उठणं. एक हात बर्फात, दुसरा मित्राच्या खांद्यावर, पण मित्र स्वतःच निसरडा! नाना अर्धे उठले आणि थांबले. बरोबर आईसारखे! आणि हात पुढे केला तो आईकडेच. आईने खांदा दिला. त्यांना उभं केलं, धोतराच्या मागून बर्फाचा तुकडा झटकला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मामंजी, मला वाटायचं माझे पायच वाईट."

नाना तिच्या पायांकडे बघत राहिले. पहिल्यांदा. चपलेतून दिसणारी ती पांढरी बोटं. मला वाटलं, झालं, जिंकलो! पण छे! म्हातारा माणूस सहज हरतो होय? खाकरले आणि म्हणाले, "ठीक आहे. उतार बाजूला करू, दोन ओट्यांच्या मध्ये नाली काढू. पण टेप नाय लावायचा. मिस्त्री नजरेनेच करेल. मोजलं की कमी होतं!" आणि मागून आजी, माझी स्वतःची आजी, म्हणाली, "खरं हाय. माझ्या वेळी एक साहेब आलेला टेप घेऊन. चार हातांचा ओटा मोजला आणि जाताना तीन हातांचा करून गेला."

बघा! एवढी वर्षं गप-गप करून दाबून ठेवलेलं कारण हे! आणि कारण खोटं नव्हतं हो. म्हणून मी पिशवीतून टेप काढला आणि आवाज न चढवता म्हटलं, आजी, ते मोजल्यामुळे कमी झालं नाही. ते त्याने मोजलं म्हणून कमी झालं. ज्याला बसायचंच नव्हतं, त्याने मोजलं.

"किर्ती, टेप आत ठेव," नाना म्हणाले.

"नाही."

"मोठ्यांचं ऐकायचं असतं."

"नाही, नाना. नजरेने केलेलं आत्ताच तुमच्या धोतराने बघितलं. आता मोजायचं, आणि जी बसणार तीच मोजणार." टेपचं एक टोक मी आईच्या हातात दिलं. तिने एकदा सासूकडे बघितलं, एकदा चुलतसासऱ्यांकडे, आणि खाली वाकून ते टोक ओट्याच्या कडेला असं गच्च दाबून धरलं, जसं काही ते उडून जाणार होतं. मागून बाकीच्या बाया पुढे आल्या. माझा पण लिही, माझा गुडघा मोज, माझा हात इथपर्यंतच पोचतो, ते पण लिही!

आणि म्हातारे गप्प. नाना गप्प, आजी गप्प, ते दोघं "बरोबर" म्हणायलाही विसरले. आमच्याकडे एवढी शांतता कुणी गेल्यावरसुद्धा नसते! तेवढ्यात सकाळच्या कामाची तयारी करायला मिस्त्री थापी घेऊन आला. "साब, ढाल किधर देने का?" म्हणजे उतार कुठे द्यायचा. नाना बोलेनात. आजी बोलेना. तो एकेकाच्या तोंडाकडे बघतोय, सिमेंटच्या गोणी सकाळची वाट बघतायत... शेवटी सांगितलं मीच, बाजूला, नालीकडे! काय करणार! आयुष्यभर मला गप बस, गप बस म्हणणारी माणसं एकाच वेळी गप बसल्यावर घरातलं बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडणार ना!