अकराव्या भागाची लेखिका

मोहनराव, मुक्ता आणि वंदनाताईंच्या शोकसभेला धावत आलेल्या तुम्हा सगळ्यांनो,

मी प्रकाश. करोल बागेत ताई आणि मोहनरावांच्या घराशेजारच्या गल्लीत राहायचो. आज मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही. मीच ताईंच्या लेकीकडे, मुक्ताकडे, पाच मिनिटं मागून घेतली. ताईंबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे. त्यांच्या विद्यार्थिनी आत्ताच किती छान बोलल्या. मला सांगायचंय ते मी ताईंशी कसा वागलो ते. ऐकून घ्या. मध्ये थांबवू नका, नाहीतर मला पुढे बोलता येणार नाही.

तुमच्यातल्या जुन्या माणसांना ती अंतराळावरची हिंदी सिरियल आठवत असेल. नव्वदीतली. तेव्हा रोज नवी चॅनेल्स येत होती, नोएडात शेतं होती तिथे स्टुडिओ उभे राहत होते. मी त्या सिरियलचा लेखक होतो. तेवीस भाग झाले. खरं सांगतो, बावीस भाग टाकाऊ होते. रबराचे मुखवटे घातलेले परग्रहवासी, आणि त्यांच्या तोंडी माझे संवाद! लोक हसायचे.

पण अकरावा भाग? त्या भागाला कुणी हसलं नाही.

झालं असं की मे महिन्यात जोराची आंधी, धुळीचं वादळ, आली आणि आमचं थर्माकोलचं यान मोडून पडलं. निर्माते म्हणाले, "यार, एक एपिसोड बिना यान के लिख दो. गुरुवार तक." मला काही सुचेना. मी ताईंकडे गेलो. ताई फिजिक्स शिकवायच्या, म्हटलं एखादी कल्पना देतील. त्या म्हणाल्या, "कल्पना कशाला? दोन दिवस दे. मी लिहूनच देते."

आणि दिलं. मराठीत, शाळेच्या वहीत.

एक आई घरात रेडिओपाशी बसलेली. मुलगी यानातून दूर दूर चाललेली. आई विचारते, "जेवलीस का?" पहिल्यांदा उत्तर लगेच येतं. मग काही मिनिटांनी. मग काही तासांनी. मग महिने जातात, वर्षं जातात. शेवटी रिकाम्या खोलीत मुलीचा आवाज येतो, "हो आई, आत्ताच जेवले. तू?" ऐकायला आई उरलेलीच नसते.

मी म्हटलं, "ताई, हे कुठून आलं?" त्या म्हणाल्या, "लग्न होऊन दिल्लीला आले ना, तेव्हा आईचं पत्र यायला आठ दिवस लागायचे. ती विचारायची, खोकला कसा आहे. तोवर माझा खोकला बरा होऊन गेलेला असायचा."

मी त्याचं हिंदी केलं. मंडळी, मी फक्त हिंदी केलं.

निर्माते म्हणाले, काँट्रॅक्टमध्ये लेखकाचं नाव एकच आहे, तेच जाईल. मी भांडू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो नाही. कारण सांगू? तो भाग मी लिहिलाय असं मला वाटू लागलं होतं. आवडू लागलं होतं.

तो भाग लागला त्या दिवशी ताईंनी घरी शेजारणींना, शाळेतल्या बाईंना बोलावलं होतं. का, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मोहनराव, तुम्ही दौऱ्यावर होता. मुक्ता, तू एवढीशी होतीस. मलाही बोलावलं होतं. मला सगळं माहीत होतं, तरी गेलो. शिरा खाल्ला. भाग संपला, बायका डोळे पुसत होत्या, आणि ताई म्हणाल्या, "आता नावं नीट वाचा हं."

नाव आलं. माझं.

कुणीतरी विचारलं, "वंदना, नावं कशाला वाचायला लावलीस गं?"

ताईंनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "आपला प्रकाश आहे ना लेखक. मराठी माणसाचं नाव दिसतंय, म्हणून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, मंडळी, मी हात जोडले.

नंतर मी निर्लज्जपणे विचारलं, "ताई, आणखी एक लिहाल?" त्या म्हणाल्या, "नको रे. आता तूच लिही." त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही. त्या भागाच्या जोरावर मला मुंबईत काम मिळालं. मी दिल्ली सोडली.

दोन वर्षांपूर्वी इथे दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या एका कार्यक्रमात ताई भेटल्या. एका गृहस्थांनी माझी त्यांच्याशीच ओळख करून दिली, "ताई, ती सिरियल आठवते? तो अकरावा भाग यांचा." ताई माझ्याकडे बघत राहिल्या. वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. मी काय बोललो असेन? "जुनी गोष्ट आहे हो ती."

ताई म्हणाल्या, "भाग चांगला होता." आणि पुढे गेल्या.

मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. दहा पावलं होती. गेलो नाही. आज आलोय, आणि आज त्याचा त्यांना काय उपयोग?

त्या दिवशी त्या खोलीत असलेल्या दोन-तीन जणी इथे बसल्या आहेत. तुमच्यासमोर सांगतो. तो भाग माझा नव्हता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तो वंदनाताईंनी लिहिला. मोहनराव, त्यांनी तुम्हालाही हे सांगितलं नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरून मला आत्ता कळतंय.

आता कुणी मला समजावू नका. "जाऊ द्या" म्हणू नका. मुक्ता, तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. बोलायचं असेल, रागवायचं असेल, तर मी सभा संपल्यावर इथेच थांबणार आहे.

एवढंच मागतो. सगळ्यांनी उभं राहूया, दोन मिनिटं शांत. एका लेखिकेसाठी.

ताई, नमस्कार करतो.