जुळलेल्या रेघा

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ बोलत होते.

"नेटवर वाचता वाचता ओळीखाली रेघ मारायची, बाजूला टिपण लिहायचं, ती साइट आहे ना? तिनं मला एका गटात घातलंय."

"कसल्या?"

"घरातल्या कुणाला विसरायला होतंय, त्यांना सांभाळणाऱ्यांच्या. माझ्या रेघा त्यांच्या रेघांशी जुळतात म्हणे."

"तू कुणाला सांभाळतेस? एकटी तर राहतेस."

"तेच म्हणते मी."

"मशीनला काय कळतंय. सोडून दे तो गट."

"माणसं चांगली आहेत रे. गॅस चालू राहिला तर काय करायचं, न चिडता कसं बोलायचं, सगळं लिहितात. पण मला तिथं चोरून ऐकल्यासारखं वाटतं."

"चोरून कशाला?"

"ते ज्यांच्याबद्दल लिहितात ना, त्यांच्यातली मी."

भाऊ उठला, डॉक्टरांच्या दारावरची पाटी वाचून परत आला.

"ताई, तू तर डोळे दाखवायचेत म्हणालीस."

"म्हणाले. त्या गटातली माझी जागा आता तू घे. पासवर्ड सांगते, लिहून ठेव. आत्ता आठवतोय तोवर."