कावळ्याला शब्द दिला आणि बँकॉकला गेलो

म्हणजे मला एक सांगा, टी-शर्टवर नाव छापलं म्हणजे माणूस तो होतो का? होतो का? मग उद्या मला पोलिसाची वर्दी चढवा आणि उभं करा डांगे चौकात, ट्रॅफिक सुटतंय का बघू! अहो, बँकॉकच्या विमानतळावर उतरल्यापासून त्या टूरवाल्या मिहिरनं डोकं उठवलं होतं माझं. हातात कर्णा, डोक्यावर पिवळी टोपी, आणि सारखं आपलं, "धनेशभाऊऊऊ! इकडे या धनेशभाऊ! धनेशभाऊंचा चेहरा का पडलाय?" अरे बाबा, मी धनेश नाही!

धनेश माझा मोठा भाऊ. दादा. गेला तो, दिवाळीच्या आधी.

तुम्हाला सांगतो, आमच्या दोघांच्या नावातच सगळं आलं. वडील चिंचवडला कंपनीत. दादा झाला ते बोनसचं वर्ष, म्हणून धनेश. मी झालो तेव्हा गेटवर संप, वडील मांडवात बसलेले, तर युनियनच्या पुढाऱ्यानंच माझं नाव ठेवून टाकलं, संघर्ष! आता असं नाव घेऊन पोरगं शाळेत काय दिवे लावणार? नववीत मास्तर मला कंटाळले, मी मास्तरांना. दादानं मात्र काळेवाडीत रंगाचं दुकान टाकलं, आणि मला गल्ल्यावर बसवलं. "बस इथं, आणि कुणाशी भांडू नकोस." एवढंच काम. ते पण जमायचं नाही राव!

तर रंगाची कंपनी दुकानदारांना टारगेट देते. एवढे डबे विका आणि फॉरेनला चला, जोडीनं. दादाचं लग्न व्हायचं होतं, वडील कधीच गेलेले, तो म्हणाला, आईला नेतो, आईनं विमान फक्त खालून बघितलंय. वर्षभर त्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. कुणाच्या मयताला गेला तरी भिंतीकडे बघायचा, पोपडे निघालेत का. टारगेटचे शेवटचे डबे निघोज्याला एका शेडवर टाकले, आणि येताना चाकणच्या चौकात ट्रेलरनं... जाऊ द्या.

आणि ऐका, घरात दिवा जळतोय, माणसं भेटायला येतायत, आणि दादाच्या मोबाईलवर मेसेज. "अभिनंदन धनेशजी! टारगेट पूर्ण!" वर फुगे उडतायत. फुगे!

आई रडलीच नाही हो. कुणी भेटायला आलं की म्हणायची, "धनेश नाहीये घरी." नाहीये घरी! जसा काय वसुलीला गेलाय. सकाळी उठून त्याचा डबा भरायची. मी म्हणायचो, आई, अगं दादा गेला. ती म्हणायची, "भाजीत मीठ बघ जरा." "गेला" हा शब्दच नाही तोंडात. शेवटी तो डबा मीच खायचो दुकानात. काय करणार, टाकायचा?

आता म्हणाल, असं असताना तू बँकॉकला कशाला कडमडलास? कावळ्यामुळं! हसू नका. दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. पत्र्यावर बसलाय, पण तोंड पलीकडं! मामा हात जोडून म्हणाले, "धनेश, दुकान चालू ठेवू." नाही. काका म्हणाले, "आईला सांभाळू." नाही. वडिलांचे कंपनीतले मित्र पण काहीबाही बोलून गेले. ऊन डोक्यावर, आणि गुरुजी घड्याळ बघतायत, "आवरा मंडळी, मागं दुसरे थांबलेत, नाहीतर दर्भाचा कावळा करू." गवताचा? माझ्या भावाला गवताचा कावळा? माझं डोकंच सरकलं. मी ओरडलो, "दादा, आईला तुझ्याऐवजी मी नेतो फॉरेनला! पूर्ण ट्रिप! एकही गोष्ट सोडणार नाही!"

झपकन आला राव. शिवला!

सगळे मोकळे झाले. अडकलो मी.

कंपनीनं तिकिटं बदलून दिली, खोटं का बोला. पण टी-शर्ट? ते आधीच छापलेले. दादा होता धिप्पाड, मी हा असा. गुडघ्यापर्यंत आला तो टी-शर्ट, आणि पाठीवर हे एवढं, "धनेश". आईच्या टी-शर्टवर काय होतं माहितीये? "धनेश प्लस वन". तिनं तो साडीवर चढवला आणि विचारलं, "काय लिहिलंय रे?" मी वाचलं. म्हणाली, "परत वाच."

मी मिहिरला गाठलं. म्हणलं साहेब, मी धनेश नाही. तो म्हणाला, "हो हो, लिस्ट मुंबईहून आली ना, करतो करेक्ट." आणि पाच पावलं गेला की, "चला, धनेशभाऊंची फॅमिली बसमध्ये!" मी मागं धावणार, तर आईनं बाही धरली. "राहू दे रे." अगं काय राहू दे? "राहू दे म्हणते ना."

बरं, मंदिरं झाली, बाजार झाला, मला वाटलं सुटलो. तर मिहिरनं कर्णा लावला. "आता आपला खजिन्याचा खेळ!" प्रत्येक जोडीला शेडकार्डाचे तुकडे दिले. गुलाबी, भगवा, आंबा, मोरपंखी, असे. त्या त्या रंगाची वस्तू बँकॉकमध्ये शोधायची आणि फोटो काढून आणायचा. अरे, जन्म गेला रंगात, इथं येऊन परत रंगच? निगडीचे श्रीपादराव आणि त्यांच्या मिसेस अरुंधतीवहिनी, दोघं घरूनच धावायचे बूट घालून आलेले, ते तर सुटलेच! वहिनी जाता जाता म्हणतात, "धनेशभाऊ, आईंना त्रास नको हं, तुम्ही बसून घ्या." मी धनेश नाही, वहिनी!... ऐकायला थांबल्या तर ना.

मी आईला म्हणलं, तुझे गुडघे दुखतात, चल हॉटेलवर. आई म्हणाली, "कावळ्याला काय बोलला होतास?"

झालं.

मग काय, भर उन्हात मी आणि आई बँकॉकभर! गुलाबी सापडला, तिथं टॅक्सीच गुलाबी. भगवा सापडला, एक भिक्षू चालला होता, मी फोटो काढेपर्यंत आई त्याच्या पाया पडून मोकळी. मोरपंखीसाठी एका बाईच्या छत्रीमागं एवढे पळालो की तिनं पर्स छातीशी धरली. शेवटी हातात एकच तुकडा राहिला. काळा.

मी म्हणलं, सोपंय, टायरचा काढू. आई म्हणाली, "थांब." आणि नदीकडं चालायला लागली. तिथं बोटीचा धक्का आहे. कठड्यापाशी बसली, पिशवीतनं कागदाचा रुमाल काढला. त्यात भात. सकाळच्या नाश्त्यातला, कधी उचलला कुणास ठाऊक! भाताची मूद ठेवली कठड्यावर, वर हॉटेलच्याच डबीतलं थोडं दही.

मी म्हणलं, आई, अगं हा थायलंडचा कावळा, याला मराठी कळंल का?

आई म्हणाली, "घाटावर मला नेलं नाहीत तुम्ही. बायका येत नाहीत म्हणालात. मामा बोलला, काका बोलला, तू बोललास. मीच राहिले बोलायची."

मी तो झगा सावरत दोन पावलं मागं सरलो.

कावळा आला. हा मोठा, जाड चोचीचा. लांब बसला, मान वाकडी करून. आणि आई त्याच्याशी बोलायला लागली, दारात उभं राहून बोलावं तसं. "धनेश, बसले रे विमानात. खिडकीला बसले. ढग खाली होते... इथं सगळे तुझ्या नावानं हाका मारतायत बघ. मीच याला गप्प बसवलं. कानाला बरं वाटत होतं. पण हा पोरगा पार बुडालाय तुझ्या कपड्यात. याला पण नाव आहे... तू जा आता. मी नीट आहे. जा."

एवढ्यात माझा फोन! "धनेशभाऊ, कुठे आहात? वेळ संपली!" मी फोनवर ओरडलो, मी धनेश नाही!... आणि तो कावळा उडाला. मी म्हणलं, मेलो, घालवला! पण चोचीत भात होता हो त्याच्या. होता. आईनं बघितला, मी बघितला. कसाबसा फोटो मारला, त्यात नुसता पंख आला, तोही हललेला.

तिथंच कठड्याला धरून आई रडली. इतक्या महिन्यांचं. बोटवाले थांबून बघत होते. मी आपला टी-शर्टचा घेर पुढं केला तोंड पुसायला. पहिल्यांदा कामाला आला तो.

रात्री बक्षिसं. मिहिरनं फोटो मोठा करून बघितला. "भाऊ, शेड ग्लॉसी ब्लॅक आहे. कावळा मॅटमध्ये जातो." मॅटमध्ये जातो! पहिला नंबर श्रीपादरावांना, कुठल्यातरी गाडीचं बॉनेट. आम्हाला उत्तेजनार्थ. "आणि जोरदार टाळ्या आपल्या लाडक्या धनेशभाऊंसाठी!"

मी उठलो, म्हणलं आज याचा कर्णा याच्याच... तर आई आधीच स्टेजवर. माईक घेतला.

"हा धनेश नाही. धनेश गेला. हा माझा धाकटा, संघर्ष."

गेला म्हणाली. तिच्या तोंडानं.

अरुंधतीवहिनींनी बुटांकडं बघत डोळे पुसले. मिहिरच्या तोंडावरचा रंगच उडाला. पण त्याचं कामच ते, बिचारा करणार काय, म्हणाला, "तर... संघर्षभाऊंसाठी... टाळ्या." आणि वाजवल्या हो लोकांनी. आई खाली आली, ताट घेतलं, आणि जेवली. दोनदा भात घेतला.

आता काळेवाडीत परत दुकान, परत डबे. घरातनं डबा एकच निघतो, माझा. परवा दादाच्या मोबाईलवर मेसेज आला. "धनेशजी, यंदा दुबई! टारगेट स्वीकारता?" फुगे होतेच. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, "मी धनेश नाही. धनेश गेला."

लगेच उत्तर आलं. "धन्यवाद धनेशजी! आपला सहभाग नोंदवला आहे."

निघोज्याच्या त्याच शेडचे डबे भरलेत टेम्पोत. निघतो.