कामकाज बारा मिनिटे थांबले

…आणि ते वाक्य टाइप कोणी करायचं? मीच! तुम्हाला सांगतो, स्वतःची बेअब्रू स्वतःच्या हातानं, तीन प्रतींत, शुद्धलेखन तपासून टाइप करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर आज बघून घ्या. मी कोर्टात स्टेनो आहे. साक्षीदार बोलतो, वकील भांडतात, मॅडम, म्हणजे आमच्या न्यायाधीशबाई, सांगतात, आणि ते सगळं माझ्या बोटांतून कागदावर उतरतं. मी उठलो की कोर्ट थांबलं, आणि कोर्ट थांबलं की का थांबलं ते नोंदवायचं, असा नियम! मग मॅडम चष्मा काढणार, माझ्याकडे न बघता सांगणार, 'लिहा… लघुलेखक शौचास गेल्यामुळे कामकाज बारा मिनिटे थांबले.' आणि मी लिहिणार! खाली त्यांची सही, वर कोर्टाचा शिक्का. अहो, खुनाचासुद्धा इतका पक्का पुरावा मिळत नाही हो!

बरं, आजार काय? मोठं आतडं. 'म्हणजे अ‍ॅसिडिटी का?' अ‍ॅसिडिटी नाही हो! शरीराचे पहारेकरी चोर सोडून घरच्यांनाच झोडपायला लागलेत. आतड्याला आतून जखमा, रक्त पडतं, दिवसातून चौदा वेळा पळायचं… हसताय? हसा, हसा. आत्याही हसली. म्हणाली, 'अरे, एकदा एरंडेल घे, पोट साफ होईल!' आत्या, ते दिवसातून चौदा वेळा साफ होतंय गं, आता काय फरशी घासून काढू? मेहुणा म्हणतो, 'दाजी, तुम्ही टेन्शन घेऊ नका.' जसं काही मी पिशवी घेऊन टेन्शन आणायलाच निघालोय! आणि ती स्टेरॉइडं सुरू झाली तेव्हा तोंड असं फुगलं, असं फुगलं, की सगळं ऑफिस खूश… 'वा, तब्येत सुधारली!' आणि वर ते ठेवणीतलं वाक्य आहेच, 'पण तुम्ही आजारी दिसत नाही हो!'

मग मोठ्या डॉक्टरांनी बायोलॉजिक नावाचं औषध सुरू केलं. दर आठ आठवड्यांनी रजा टाकायची, दवाखान्यात खुर्चीत पडायचं, दोन तास थेंब थेंब ते औषध शिरेतून आत. त्याचं काम काय? त्या बिथरलेल्या पहारेकऱ्यांना झोपवायचं. झोपवलं! पण पहारेकरी झोपले म्हटल्यावर दारातून कोणीही आत यावं की हो! रस्त्यात कोणी शिंकलं की मी पलीकडच्या बाजूला. बायको पाहुण्यांना दारातच विचारते, 'सर्दी नाही ना?' लोक म्हणतात, हिला शिंगं फुटली. डॉक्टरांनी टीबीची तपासणी आधीच करून घेतली आणि वर बजावलं, 'धूळ, बुरशी, कोंदट जागा, लांब राहायचं. साधा ताप आला तरी पहिला फोन मला.' पण औषध लागू पडलं बरं का! चौदाचे चार झाले. घरी येऊन बायकोला म्हटलं, 'चार!' तर ती तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू? फक्त एवढंच, की ते चार नोटीस देऊन येत नाहीत. आणि सातव्या-आठव्या आठवड्यात औषधाचा जोर उतरायला लागतो…

तर तो सातवा आठवडा. खटला एका बाईला जिन्यावरून ढकलून मारल्याचा. तिची मुलगी रोज पहिल्या बाकावर, मांडीवर पिशवी धरून. आणि साक्षीला समोरचा शेजारी, तीन तारखा चुकवून चौथीला कसाबसा धरून आणलेला. सरकारी वकील विचारतात, 'जिन्यावर तुम्ही कोणाला पाहिलंत?' तो घाम पुसतो… ओठ हलवतो… 'मी… त्या दिवशी…' आणि माझ्या पोटात कळ! दात आवळले, मांड्या आवळल्या, तेहतीस कोटी देव आठवले. मनात म्हटलं, बोल रे बाबा, एक नाव, दोन सेकंद लागतात! तो पुन्हा घाम पुसायला लागला. मी हात वर केला. काय करू मग? सांगा ना, काय करायला हवं होतं?

बारा मिनिटांनी परत आलो. साक्षीदार पाणी पिऊन ताजातवाना. म्हणाला, 'आठवत नाही.' झालं! आणि त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो, रागानं पाहिलं असतं तर सोसलं असतं. मी व्हरांड्यात तिच्या मागे गेलो, म्हटलं, 'ताई, मला आजार आहे, मी मुद्दाम नाही…' तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच म्हणाली, 'पण तुम्ही आजारी दिसत नाही.'

सरकारी वकिलांनी अर्ज दिला, स्टेनो बदला. बरोबरच आहे, त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिला असता. मी काय मागितलं? दाराजवळची खुर्ची आणि जोडीला एक बदली स्टेनो. ऑफिस म्हणालं, मेडिकल बोर्डाचं सर्टिफिकेट आणा. बोर्डानं रिपोर्ट चाळले, 'औषध लागू आहे, रोग आटोक्यात, कामास योग्य.' योग्य, म्हणजे सवलत बंद! म्हटलं, औषध लागू पडलं नसतं तर? 'मग अयोग्य. घरी बसा.' म्हणजे बरा असलो तर खुर्ची नाही आणि आजारी असलो तर नोकरी नाही! शिक्का मारता मारता तिथला कारकून म्हणतो, 'पण तुम्ही आजारी दिसत नाही हो!'

शेवटी मॅडमनी चेंबरमध्ये बोलावलं. बाई चांगल्या हो, मनानं चांगल्या. म्हणाल्या, 'तुम्हाला त्रास नको म्हणून मी मार्ग काढलाय. रेकॉर्ड रूम. तळघरात शांत असतं, कोणी बघणारं नाही, हवं तेव्हा उठा.' तळघर! चाळीस वर्षांच्या फायली, बोटभर धूळ, भिंतीला बुरशी, खिडकीचा पत्ता नाही, आणि संडास दुसऱ्या मजल्यावर! डॉक्टरांनी ज्याच्यापासून लांब राहा म्हटलं, ते सगळं एका खोलीत नीट लावून ठेवलेलं. म्हटलं, 'मॅडम, माझे डॉक्टर म्हणतात…' म्हणाल्या, 'सर्टिफिकेटात तसं काही आहे का?' नाहीये. 'मग घ्या लिहून.'

घेतलं. दुसरा स्टेनो आहे कुठे? 'लघुलेखक यांची, प्रकृतीच्या कारणास्तव, रेकॉर्ड रूममध्ये बदली…' बघा, सर्टिफिकेटात ठणठणीत, आदेशात प्रकृती! दीड तास, दोन पानं, एक मुद्दा दोनदा खोडून. आणि पोट? तुम्हाला सांगतो, हूं नाही की चूं नाही! अख्ख्या वर्षात तेवढं एकच डिक्टेशन मी मध्ये न उठता पुरं केलं. मॅडमनी कागद वाचला, सही केली, घड्याळाकडे पाहिलं आणि किती कौतुकानं म्हणाल्या… 'बघा! मनावर घेतलं की जमतं तुम्हाला!'